लोहविरजण

दर दुसऱ्या मंगळवारी गाव सुईला जाई. पंचविशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष आणि पाळी गेलेली प्रत्येक बाई आरोग्यकेंद्रात हात पुढे करून बसे, पाव लिटर रक्त काढून देई आणि घरी येई. त्या रक्ताला कुणी विचारत नसे, ते मोरीत ओतलं जाई. लग्नाच्या तारखासुद्धा मंगळवार टाळून धरत.

वत्सला ठोंबरेचा नवरा एकदा वैतागला. "मी काय दुभती म्हैस आहे?" म्हणाला आणि वर्षभर गेलाच नाही. साठलेल्या लोहाने आधी त्याचं यकृत गेलं, मग हृदय. बावन्नाव्या वर्षी तो वारला.

आज तिच्या लेकीचं, रेवतीचं, चाळीस दिवसांचं बाळ या फेऱ्यातून सुटणार होतं. मुलगा होता. जन्मल्यापासून तो केंद्रातल्या काचेच्या खोलीत होता; रेवतीलाही तोंडाला पट्टी आणि हातमोजे घालूनच त्याला घेता येई. त्याला 'कोऱ्या घरी' नेणारी गाडी दारात उभी होती. कोरं घर दूरच्या बेटावर होतं. तिथे कुणाच्याच पोटात लोहविरजण नव्हतं. तिथे गेलेलं मूल पुन्हा गावी येणार नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, दुसरा उपायच नाही?" वत्सलाने विचारलं.

डॉ. मृणाल साठ्ये लोहविरजण घडवणाऱ्यांपैकी एक. त्या थकून म्हणाल्या, "ताई, तुम्ही अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटायचात, तेव्हा काय व्हायचं?"

"बाया पत्र्यावर फेकायच्या. पोट दुखतं, शौचाला काळं होतं म्हणायच्या. मग लोह घातलेलं पीठ आलं, तर ते कोंबड्यांना."

"म्हणून आम्ही दह्यातला जंतूच बदलला. तो पोटात कायमची वस्ती करतो आणि अन्नातलं लोह ओढून रक्तात सोडतो. औषधालाही दाद देत नाही."

"गुण तर आला ना! पांढऱ्याफटक बाया लालबुंद झाल्या."

"आला. पण आतड्याला एक राखण असते. पुरे झालं की ती लोहाला दार लावते, कारण आत आलेलं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. रक्त जाईल तेवढंच लोह जातं. आमचा जंतू त्या राखणीला जुमानत नाही. ज्यांचं रक्त दर महिन्याला जातं, त्यांना तो ठीक. बाकीच्यांच्या पोटात तो जायलाच नको होता."

"आणि गेला कसा?"

"विरजण शेजारी मागायला येतात, ताई. माझ्याही आईकडे यायचे. तरी प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यात आलं नाही."

वत्सला पुटपुटली, "मीच दिलं सगळ्यांना. विरजणाला कुणी नाही म्हणतं का?" याच कामासाठी तिला शाल-नारळ मिळाला होता.

गाडी निघायची वेळ झाली. बाळाला धक्क्यापर्यंत डॉक्टरीणबाईच पोचवणार होत्या. वत्सलाने पिशवीतून घरच्या दह्याची वाटी काढली आणि हातमोजा घातलेल्या बोटाने त्यांच्या तळहातावर दही-साखर घातली. त्यांनीही ती खाल्ली; त्यांच्या पोटात ते विरजण कधीचंच होतं. कामाला निघालेल्या माणसाने दही-साखर नाकारायची नसते.

मग परिचारिकेने बाळ वत्सलाकडे दिलं. तेवढी मुभा होती. वत्सलाला भडभडून आलं.

"नीट जा रं माझ्या राजा," ती म्हणाली, आणि तेच बोट बाळाच्या ओठांना लावलं.

बाळाने मिटक्या मारल्या.

"ताई! आता याला कोऱ्या घरी घेणार नाहीत!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

वत्सला बोटाकडे बघतच राहिली. आयुष्यभर निघणाऱ्या प्रत्येकाला तिने असंच दही दिलं होतं.

शेजारी उभ्या असलेल्या रेवतीने पुढे होऊन बाळ घेतलं. तोंडावरची पट्टी ओढून काढली, हातमोजे फेकले. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच तिने त्याच्या गालांचे मुके घेतले, एकामागून एक.

"आई, मुद्दाम केलंस का गं?" तिने हळूच विचारलं.

"न्हाई गं, देवाशपथ."

"केलं असलंस तरी कुणाला सांगू नको," रेवती म्हणाली आणि बाळाला छातीशी धरून फाटकाबाहेर पडली.

मंगळवार होता. बाहेर सुईची रांग लागली होती. रांगेतल्या माणसांनी थोडं सरकून तिला वाट दिली.