एकाच लडीतला दोरा

आत्या नव्या पलंगपोसावर अंगणातली बाग भरत होती. घरातल्या प्रत्येकाला तिने एकेक फूल देऊन टाकलं होतं, तेही चिमटे काढत. भाऊ झेंडू, गोल आणि टिकाऊ. भाची गुलबक्षी, कारण सुट्टीत चार वाजेपर्यंत तिचे डोळे उघडत नसत.

"आणि तू गं आत्या?"

"मी सदाफुली. पाणी घाला, नका घालू, मी आहेच कोपऱ्यात."

गुलबक्षी आणि सदाफुली दोन्ही तिने एकाच गुलाबी लडीतून भरल्या होत्या. भाची बिनआईची, तिला आत्यानेच वाढवलं होतं आणि तिच्यापलीकडे आत्याला जग नव्हतं.

भाचीला ताप आला त्याच दुपारी गुलबक्षीची एक पाकळी सुटलेली दिसली. दोरा तुटला नव्हता, नुसता कापडातून निघून फरशीवर पडला होता. आत्या उचलायला गेली तर त्याचा भुगा झाला. आपलीच गाठ कच्ची राहिली म्हणत आत्याने पाकळी पुन्हा भरली. संध्याकाळी ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी दोन पाकळ्या गेल्या आणि पोरगी तापात बरळू लागली. भरल्या; शांत झोपली. आत्या असल्या गोष्टींना हसणारी बाई. योगायोग म्हणून सोडून द्यायची तिची तयारी होती, पण लडी संपली.

"ही छटा आता येत नाही, बाई," दुकानदार म्हणाला. "ही घ्या, डिट्टो तशीच."

ती डिट्टो छटा कापडात टिकेना. टाका घालावा आणि तो सुळकन बाहेर यावा.

डॉक्टर भावाला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात बोलले. गुलबक्षीचा आता देठच उरला होता.

आत्याची नजर सदाफुलीवर गेली.

कात्रीच्या टोकाने तिने तिचा पहिला टाका उसवला. बोटांना मुंग्या आल्या. पुढच्या पाकळीला बोटं जाणवेनाशी झाली. हा दोरा मात्र गुलबक्षीत घट्ट बसत होता.

शेवटची गाठ मारून तिने पलंगपोस भाचीच्या अंगावर पसरला आणि खुर्चीत बसली.

"भूक लागलीय," भाची म्हणाली.

आत्याचा जीव भांड्यात पडला. "अगं माझे बाई!"

कुणी वळून पाहिलं नाही.

भावाने भाचीच्या कपाळावरचा ओला टॉवेल काढला. ती पलंगपोसावर हात फिरवत होती.

"बाबा, किती सुंदर! आपल्याकडे कुणाला येतं भरतकाम?"

भाऊ जरा आठवत राहिला.

"कुणालाच नाही," तो म्हणाला, आणि टॉवेल त्याने खुर्चीवर वाळत टाकला.

आत्या त्याच खुर्चीत बसली होती. टॉवेल तिला गार लागला नाही.