धन्यवाद न म्हणता

एवेलिओ सुतार पहिल्यांदा माझ्या ओसरीवर आला तो चुकून. एका हातात लेस विणायच्या सहा चौकटी, दुसऱ्या हातात पेला, काखेत गरम पाण्याचा थर्मास.

"ओब्दुलियाबाई?"

"त्या पलीकडे. मी निमिया."

"मग चुकलोच," तो म्हणाला... आणि बसला.

पॅराग्वेतल्या आमच्या इताउग्वात सकाळी कुणी बसलं की माते, म्हणजे एकाच पेल्यातून आळीपाळीनं प्यायचा कडवट पाल्याचा चहा, व्हायचंच. त्यानं पेल्यातल्या पाल्यावर पाणी ओतलं, पेला माझ्यापुढे केला. मी तो दोन्ही तळव्यांत कसाबसा दाबून धरला, नळीनं घाईघाईनं ओढला आणि परत देताना म्हणाले, "धन्यवाद."

त्याचा चेहरा जरासा उतरला. आमच्याकडे पेला परत देताना धन्यवाद म्हटलं, की 'पुरे, आता नको' असा अर्थ. पहिल्याच पेल्याला म्हणणं म्हणजे पाहुण्याला फाटक दाखवणं.

मला तर दहा पेले हवे होते. पण सकाळी नऊपर्यंत माझी बोटं माझी नसतात. छत्तिसाव्या वर्षी संधिवात. वयाचा नव्हे, अंगातली राखणदार फौजच सांध्यांवर उलटते, तो. मावशी अजून म्हणते, इस्त्री करून थंड पाण्यात हात घातलेस म्हणून झालं. डॉक्टरीणबाई हसतात, आणि दर सोमवारची गोळी चुकवू नकोस म्हणतात. गोळी, रक्ततपासणी, कोमट पाण्यात बोटांचा व्यायाम... बसली आहे घडी. दुपारी मी थांबत थांबत का होईना, पूर्वीसारखी जाळी विणते. फक्त सकाळी मला कुणी बघू नये, एवढंच.

आणि हा माणूस सकाळीच यायचा.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा चुकला.

"सुताराला घरं ओळखता येत नाहीत?"

"लाकूड ओळखतो. घरांचं... जरा कच्चं आहे."

मी हसले. पेला घेतला. तो निसटता निसटता राहिला. "धन्यवाद."

तिसऱ्या गुरुवारी थर्मास नव्हता. ओब्दुलियाबाईंकडून परतताना तो कुंपणापाशी थांबला, टोपी काढली. "पुढच्या चौकटी बसनं पाठवीन, निमियाबाई. तुम्हाला उगाच त्रास."

तो वळलासुद्धा.

"थांबा. मला नको होतं असं नाही. मला... पेला धरता येत नाही."

मी हात पुढे केले. सुजलेली पेरं, न मिटणारी मूठ. आता बघा आणि जा, असं मनात.

तो जवळ आला. हात लावला नाही. लाकडाची रेघ बघावी तसं नुसतं बघितलं.

"दुखतं?"

"सकाळी. नऊनंतर तुम्हाला चिमटासुद्धा काढू शकते."

"मग नऊला येऊ?"

"नऊला मला काम असतं."

"अवघड बाई आहात," तो म्हणाला आणि गेला.

आठवडा फार लांबला.

चौथ्या गुरुवारी, सातला, संत्र्याच्या मोहराच्या वासातून तो आला. काखेत पुन्हा थर्मास, हातात नवा लाकडी पेला – हलका, रुंद, दोन्ही बाजूंना धरायला जाड कान.

"बाळाचा दिसतो," मी म्हणाले.

"बाळं इतकं टोचून बोलत नाहीत, निमिया."

नावामागची 'बाई' गळून पडली होती. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

त्यानं पेला भरून दिला; लाकडी कानांत बोटं अलगद बसली. पेल्याची ऊब पेरापेरांत उतरली. तळाशी नळी गुरगुरेपर्यंत मी प्यायले आणि पेला परत दिला.

तो थर्मास कलता धरून थांबला... माझ्या ओठांकडे बघत.

मी ते घट्ट मिटून घेतले.

त्यानं पाणी ओतलं.