अडीच पावलं

अंतराची आणि कृष्णातची ओळख झाली ती भांडणानंच. सन अठ्ठ्याण्णवचा श्रावण, कोल्हापुरातलं बास्केटबॉलचं ओलं मैदान, आणि अंतरा पंच म्हणून अगदी नवीकोरी. मुरगूडच्या संघातला एक उंच, सावळा गडी चेंडू घेऊन बास्केटखाली घुसला… आणि हिनं शिट्टी फुंकली. ट्रॅव्हलिंग, पावलं जास्त!

"अवो मॅडम, अडीच पावलं चालत्यात की."

आता हे अडीचचं खूळ आपल्याकडं कुणी काढलं देव जाणे, पण गावोगावची पोरं त्याच्यावरच वाढलेली. सामना संपल्यावर अंतरानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. धावताना चेंडू हातात धरला, की दोनच पावलं. तिसरं टेकायच्या आत चेंडू सुटलाच पाहिजे. अर्धं पाऊल कुठल्याच पुस्तकात नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग शिकवा की.

झालं, शिकवणी सुरू! रोज संध्याकाळी तो पळायचा, ती मोजायची — एक, दोन. कधी कधी तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे तिला जवळ येऊन सांगावं लागे. बाईसाहेबांना ते कळायचं… आणि आवडायचंही. दोन महिन्यांत गडी असा तयार झाला, की त्याच्या पावलात खोट काढायची सोय राहिली नाही.

पण वेळ थोडा होता. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी, आणि वयाची मर्यादा यंदाच संपत होती. नाहीतर गारगोटीला मामाचं हार्डवेअरचं दुकान. दुकानाबरोबर मामाची पोरगीही ठरलेली.

"नोकरी लागली की आईला तुमच्या घरी धाडतो," एकदा तो खाली बघत म्हणाला. "चालंल न्हवं?"

"बघू," ती म्हणाली, आणि घरी पोचेपर्यंत एकटीच हसत राहिली.

निवडीचा सामना आला, आणि अंतराची पंचपरीक्षा नेमकी त्याच सामन्यावर. गुण देणार होते हंबीरराव, जिल्ह्यातले जुने, कडक पंच. सकाळीच त्यांनी तिला टोकलं, त्या पोराबरोबर दिसतीस म्हणं, आज कळंल शिट्टी कुणाची हाय ते.

शेवटचं अर्धं मिनिट. एका गुणानं मागं असताना कृष्णातनं चेंडू धरला, पावलं टाकत उडी घेतली, बास्केट झाली… आणि अंतराची शिट्टी वाजली. ट्रॅव्हलिंग. त्याच्या संघातली पोरं दोनच व्हती म्हणून ओरडत राहिली. त्यानं मात्र चेंडू तिच्या हातात दिला आणि निघून गेला. बास्केट धरली नाही, सामना गेला आणि यादीत त्याचं नाव आलं नाही. हंबीररावांनी मात्र सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

चार दिवसांनी तिनं त्याला गाठलं ते स्टँडवर. गारगोटीची गाडी लागलेली, हा खिडकीत बसलेला.

"कृष्णात, मी तुझे पाय बघितलेच नव्हते रे," तिनं एका दमात सांगून टाकलं. "मी… तुझ्या तोंडाकडं बघत होते. मग हंबीरराव आठवले, आणि भीतीनं वाजवली. तुझी पावलं दोनच होती."

"म्हाईत हाय," तो हळूच म्हणाला. "मीबी तुझ्याकडंच बघत हुतो की."

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. तिला रडू फुटलं. मग वाद का नाही घातलास, तिनं विचारलं.

"तुझी परीक्षा हुती न्हवं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तशी ती खिडकीला धरून चालू लागली.

"पास झालीस?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मग बास की," तो म्हणाला, आणि खिडकीच्या गजावरचा तिचा हात अलगद सोडवला.