इंझोरीचं स्थळ

लग्न जुळवणारी वेबसाइट लोकांना का आवडते, यावर मी दोन तास बोलू शकते. पुण्यातल्या कंपनीत सहा वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. फॉर्म लहान हवा. बटण अंगठ्याखाली यायला हवं. एका वेळी एकच चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर माणूस भाजीबाजारात शिरल्यासारखा नुसता पाहत सुटतो. आणि मुख्य म्हणजे, पाठवलेल्या निरोपाला दिवसभरात उत्तर यायला हवं. ते आलं नाही, तर तो परत साइट उघडत नाही.

हे सगळं शिकून मी रिसोडला परत आले आणि आमच्या जैन समाजासाठी अशीच एक साइट केली. बाबांचं भांड्यांचं दुकान खाली, माझा लॅपटॉप वरच्या खोलीत. परीक्षक होती माझी आई, राजमतीबाई. तिला चष्म्याशिवाय जे जमेल तेच ठेवायचं, असा माझा नियम होता. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म तिने एकदा "इतकं तर डॉक्टरही नाई इचारत" म्हणून खाली ठेवला, तेव्हा मी प्रश्न अकरावर आणले.

अडचण एकच होती. मुलगे दोनशे बारा आणि मुली एकोणीस. दुकानदाराच्या घरी मुलगी द्यायला आता कोणी तयार नाही; सगळ्यांना पुण्यातला पगारदार हवा. त्या दोनशे बारांत माझा सख्खा मोठा भाऊ होता. संयम, वय चौतीस, सतरा घरांतून नकार. लोकांच्या लग्नांना जाणं त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. आमच्याशी बोलणंही कामापुरतं. त्याच्याकडे पाहिलं की माझा जीव तुटायचा.

साइट भरलेली दिसावी म्हणून या धंद्यात पुष्कळ जण जे गुपचूप करतात तेच मी केलं. सात खोट्या मुली घातल्या. सातवी सन्मती, वय एकोणतीस, बी.कॉम., राहणार इंझोरी. इंझोरी अशासाठी की तिथे आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणजे चौकशीला कोणी जाणार नाही. फोटो कॉम्प्युटरकडून करून घेतला; तो चेहरा जगात कोणाचाच नव्हता. कुटुंबाच्या माहितीचा मला कंटाळा आला, म्हणून तो भाग रिकामाच ठेवला. फोन नंबर माझ्या पुण्याच्या जुन्या सिमचा दिला. ते सिम बंद होऊन कपाटात पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दादाने नेमकी तिलाच पसंती पाठवली.

मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी उत्तर दिलं. वर बसून मी काहीतरी लिहायची आणि खाली गल्ल्यामागे त्याचं हसू फुटायचं. इतक्या वर्षांनी त्याचं हसणं मला ऐकू येत होतं. मग दुसऱ्या दिवशीही लिहिलं. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी मला स्वतःचीच किळस आली. ठरवलं, हळूहळू गप्प व्हायचं आणि मग तिचं दुसरीकडे जमलं असं कळवायचं. त्या दिवशी मी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो, तेव्हा दादा खुशीत होता.

"सन्मतीलेही कढी आवडते म्हणे," तो म्हणाला. "आत्ताच सांगत होती."

माझा घास हातातच राहिला.

साइटमध्ये कोणीतरी घुसलंय, हा पहिला विचार. असं होतं, मी पुण्यात पाहिलंय. पासवर्ड बदलला. प्रत्येक निरोपासमोर तो कधी आणि कुठल्या यंत्रावरून आला याची नोंद राहते, ती काढली. अकरा दिवसांच्या निरोपांसमोर माझा लॅपटॉप होता. बाराव्या दिवसापासून वेळ होती आणि यंत्राची जागा कोरी होती. मी सन्मती पुसून टाकली. माझ्या पडद्यावरून ती गेली. दादाच्या फोनवर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका तसाच होता.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन उघडला. ती माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होती. उत्तर लगेच देत होती आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक प्रश्न विचारत होती. दादाला दुकान कधीच आवडलं नव्हतं, त्याला शाळेत शिकवायचं होतं, हे मला तिथे कळलं. एका घरात राहून मला कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांनी तिच्या घरी फोन लावला. मी वर धावले, कपाटातून ते सिम काढलं आणि मुठीत धरलं. सिम माझ्या मुठीत होतं आणि खाली बाबा फोनवर कोणाशी तरी हसून बोलत होते.

"रविवारी बोलावून राह्यले," ते म्हणाले. "माणूस सज्जन वाटला."

मी आईला सगळं सांगितलं. मुलगी खरी नाही, मीच बनवली. आई पोळी लाटत होती, तिने लाटणं थांबवलं नाही.

"सतरा घरी पोराले नाई म्हटलं तवा हे डोकं कुठं होतं तुह्यं? आता होऊन राह्यलं तर नाट लावू नको."

रविवारी वाशीम, मंगरूळपीर करत आम्ही दुपारी इंझोरीला पोचलो. शेतात तूर उभी होती. पारावरच्या माणसाला घर विचारलं, तर त्याने न बोलता हात केला. निळ्या रंगाचं बैठं घर, झाडलेलं अंगण. दारात आमच्या सोडून कोणाच्याच चपला नव्हत्या. आत भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, घड्याळ नव्हतं. घराला वासही नव्हता. फोडणीचा नाही, धुपाचा नाही, बंद खोलीचा असतो तोही नाही.

पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ "या, बसा" म्हणाला आणि मुलीचे वडील म्हणून बसला. बाबा एसटीत शेजारी बसलेल्यालाही गाव-गोत्र विचारतात. त्यांनी या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही.

सन्मती पोहे घेऊन आली. आमच्यातले कांदेपोहे बिनकांद्याचे असतात, यावर आई दरवेळी एक विनोद करते, तो तिने केला आणि सगळे हसले. मला हसता आलं नाही. चेहरा तोच होता. फोटोत मी उजेड डाव्या गालावर पाडून घेतला होता. ती बसली तेव्हा खिडकी तिच्या उजव्या हाताला होती आणि उजेड डाव्याच गालावर होता.

"शिक्षण कुठं झालं, बाई?" बाबांनी विचारलं.

"बी.कॉम., अमरावती."

"आवड कशाची?"

"वाचन आणि स्वयंपाक."

मी फॉर्ममध्ये लिहिलेले शब्द, जसेच्या तसे.

"अन् तुह्यी आई नाई दिसून राह्यली?" आईने विचारलं.

सन्मती थांबली. हसू तसंच ठेवून तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. वडिलांकडे नाही, दादाकडे नाही. माझ्याकडे. आणि ती वाट पाहू लागली.

मग आईनेही माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही.

"मामाकडे गेल्या असतील," माझ्या तोंडून निघालं.

"आई मामाकडे गेली आहे," सन्मती म्हणाली.

आईने समाधानाने मान हलवली. "भाऊ-बहीण?"

पुन्हा ती नजर. एका शब्दात सगळं मोडता आलं असतं. मी दादाकडे पाहिलं. नवा शर्ट, गुडघ्यांवर घट्ट ठेवलेले हात, कपाळावर घाम.

"एकुलती," मी म्हणाले.

"मी एकुलती आहे."

बाबा हसले. "मंग आता एकच राह्यलं. मुलगा पसंत हाय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "नाही म्हण." मी चांगली मोठ्याने बोलले. माझा आवाज त्या खोलीत मला ऐकू आला. बाकी कोणाला तो ऐकू आला नाही.

सन्मतीने मान दादाकडे वळवली.

"हो," ती म्हणाली.

आईने तिची ओटी भरली.

परतताना मंगरूळपीरला गाडी थांबली. आई-बाबा नारळपाणी घ्यायला उतरले. दादा आणि मी मागे बसलो होतो. मी रडत होते.

"दादा, पहिले अकरा दिवस मी लिहीत होते."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी समजलं होतं. तुह्यी बोलायची ढब लपते का?"

"मग काहून नाही बोललास?"

"तुले दुःख झालं असतं. अन् मंग तू थांबली. ती नाई थांबली." तो बाहेर रस्त्याकडे पाहत होता. "सतरा घरी गेलो, रुची. कोणी मले काही इचारलंच नाई. ती इचारते."

"तू तिला काय काय सांगितलंस?"

"सारंच." तो शांतपणे हसला. "मनात होतं नव्हतं ते सारं देऊन टाकलं. लय हलकं वाटून राह्यलं."

आई-बाबा आले, गाडी निघाली. रिसोड येईपर्यंत तो तसाच हसत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं न्याहारीला बसलो. आईने भांडं उचललं.

"संयम, चहा घेतं का दूध?"

चौतीस वर्षांत दादाने सकाळी चहाशिवाय काही घेतलेलं नाही. तो थांबला. हसू तसंच ठेवून त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि वाट पाहू लागला.