हाक मारली की तो यायचा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आर्लीनाच्या मावशीने, बर्निसने, मला तो स्वतः सांगितला. ऑक्टोबरातली भर दुपार. जागा, अमेरिकेत ॲरिझोनातल्या नावाहो आदिवासींच्या मुलखातला एक काळा सुळका.

आर्लीना दगडधोंड्यांची जाणकार. हा सुळका म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा गळा, असं ती सांगायची. लाव्हा वर येता येता गळ्यातच गोठला. भोवतालची माती वाहून गेली, गळा तेवढा उरला.

सहा वर्षांपूर्वी चुकलेली मेंढी शोधायला तिचा धाकटा भाऊ त्यावर चढला आणि पडून गेला.

गेलेल्या माणसाचं नाव तिथे कुणी घेत नाही. घेतलं की त्याला परत यावं लागतं. आर्लीनालाही हे ठाऊक होतं. तरी सरकारी नकाशावर घालायला तिला सुळक्याचं नाव विचारलं गेलं, तेव्हा तिने भावाचं लिहून दिलं.

"अगं, सुळक्याला त्याचं जुनं नाव आहे की," मावशी म्हणाली. "पोराला जाऊ दे."

"तू विसर. मला नाही विसरायचं."

"विसर कोण म्हणतंय, पोरी? हाक मारू नकोस, एवढंच."

नकाशा छापून आला. त्या दुपारी आर्लीनाने पायथ्याशी उभं राहून ते नाव मोठ्याने वाचलं.

वारा पडला...

मेंढ्यांच्या घंटा थांबल्या...

मागून धाप ऐकू आली. पळत चढ चढून आलेल्या माणसाची.

लहानपणापासून तो तसाच. हाक मारली की हातातलं टाकून धावत यायचा.

मागे कुणी नव्हतं. तिला रडू फुटलं. आनंदानेच. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा धाप. पाचव्या हाकेला त्या धापेत कण्हणं होतं...

ती गप्प झाली. पण नकाशा तोवर गावोगाव गेला होता.

आठवड्याने शाळेची सहल आली. पोरांना सुळक्याचा प्रतिध्वनी सापडला. चाळीस पोरं, एकच नाव.

आर्लीनाच्या दाराबाहेरून धाप जायची, यायची, जायची...

ती अनवाणी धावत सुटली.

"नका रे हाका मारू. त्याला दम लागतो."

"कुणाला?" एका पोरीने विचारलं.

सांगायचं तर नाव घ्यावं लागणार होतं. आर्लीना तोंडावर हात दाबून तिथेच खाली बसली.

नाव बदलावं म्हणून तिने अर्ज केलाय. अजून उत्तर नाही.

मी ते नाव एकदाच घेतलं, चुकून. त्यानंतर जे ऐकलं, ते अजून कानातून जात नाही. म्हणून इथे ते नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला कधी नकाशात सापडलंच, तर मनातल्या मनात वाचा.

तो फार दमलाय.