टपावरचा रावण

"याला काय म्हणतात, ठाऊक आहे का?" प्रसादकाकानं हातातला पाना नाचवत विचारलं.

"कॅरियर," ऋषिकेश म्हणाला.

"रूफ रॅक म्हणतात, रूफ रॅक. कॅरियर सायकलला असतं."

जव्हारच्या त्यांच्या अंगणात सकाळपासून हा तमाशा चालला होता. काकानं दिवाळीत फोर बाय फोर जीप घेतली होती. डोंगर चढायची, नदी ओलांडायची, चिखलातून निघायची गाडी! आजवर ती जास्तीत जास्त पेट्रोल पंपाचा उंचवटा चढली होती. आता तिच्या टपावर काळंभोर लोखंडी कॅरियर बसत होतं. पुढे दिव्यांची रांग, बाजूला कधी मातीला न लागलेलं फावडं, एक लाल कॅन (रिकामा) आणि मागे चढायला शिडी. गॅरेजवाल्याला यातलं काही कळत नाही, असं काकाचं मत होतं. म्हणून तो मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच ते बसवत होता. व्हिडिओही त्यानं अर्धाच बघितला होता, कारण पुढे तो माणूस फार बडबड करतो म्हणे.

"काका, खोक्यात एक पट्टी उरली," आठवीतल्या दीप्तीनं आत डोकावून सांगितलं.

"एक्स्ट्रा असते ती."

"पण कॅरियरला मागच्या बाजूनं कठडाच नाही. ही तिथलीच दिसते."

"अगं, ती लावली की शिडी झाकली जाते. दिसायला नको का काही?"

दीप्तीनं धाकट्या भावाकडे पाहिलं. ऋषिकेशनं ती पट्टी निमूटपणे पुन्हा खोक्यात ठेवली. मोठ्या माणसांना दोनदा सांगायचं नसतं, हे दोघांनाही अनुभवानं माहीत होतं.

तेवढ्यात फाटकात पोशी उभी राहिली. ती दीप्तीच्या वर्गातली. शाळा असली की जव्हारच्या वसतिगृहात राहायची, सुट्टीत पोशेऱ्याजवळच्या आपल्या पाड्यावर. आज ती रावणाला न्यायला आली होती.

पाड्यावर संध्याकाळी बोहाडा सुरू होणार होता. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं मोठमोठे मुखवटे लावून संबळाच्या तालावर नाचतात. पोशीच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या रावणाचं सोंग होतं. आजवर तिचा आजा, माघ्या, नाचायचा. यंदा त्याचे गुडघे गेले, म्हणून भाऊ रूपेश वापीच्या कारखान्यातून रजा घेऊन आला होता. तो पहिल्यांदाच रावण होणार होता. मुखवटा जव्हारला रंगवायला दिलेला होता. मधलं एक तोंड आणि दोन्ही बाजूंना ओळीनं बाकीची, एवढा तो रुंद. कुठल्याच गाडीच्या दारातून तो आत जात नसे.

"आमचे पाड्यावरचे मंगळूदादाचे जीपनं नेणार हाय," पोशी म्हणाली.

"त्या खटाऱ्यावरून?" काकाचं नाक वर गेलं. "देवाला असं नेतात का?"

"देव नाय, रावण हाय."

"तेच ते. माझ्या गाडीनं नेऊ. रॅकची ट्रायलही होईल."

पोशी दीप्तीला बाजूला घेऊन म्हणाली, "सांभाळून न्यायला सांग हां त्यांना. सोंग चुकला, तर पुढल्या वर्षी पंच तो दुसरे घराला देतील. आजा जगायचा नाय."

रावण गोधडीत गुंडाळून टपावर ठेवला गेला. पोशीनं काथ्याचा दोर आणला होता, पण काकानं तो दोन बोटांनी बाजूला केला आणि खोक्यातली ताणणारी जाळी मुखवट्यावर पसरली. तिचे आकडे त्यानं अडकवले आणि मोबाइलवर फोटो काढले. मग तिन्ही पोरांना घेऊन स्वारी निघाली.

रस्त्यावर खड्डा आला की वरून ठक्क असा आवाज यायचा.

"मुखवट्याच्या मागची बांबूची चौकट आपटतेय का?" ऋषिकेशनं विचारलं.

"सस्पेन्शनचा आवाज आहे तो. तुला नाही कळायचं," म्हणत काकानं गाणी मोठी केली.

पुढे डांबरी रस्ता सोडून त्यानं गाडी एका उतारावर घातली. "शॉर्टकट! रविवारीच गेलो होतो इथनं. एकदम सरळ वाट." खाली कोरडा ओहोळ होता, काठावर जुना उंबर. गाडी उंबराखालून हिंदकळत पलीकडे चढली, तेव्हा वर काहीतरी कचकचलं. काका मात्र गाण्याबरोबर स्टिअरिंगवर ठेका धरत होता.

पुन्हा डांबरी लागल्यावर एका टपरीपाशी काका चहाला थांबला. तिथं मंगळूची जुनी जीप उभी होती. मंगळू स्वतः तिच्या टपावर चढून तांदळाची पोती आवळत होता. पोशीनं त्याला हात केला. काकाची गाडी एवढी उंच, की टपावरचं खालून काही दिसत नव्हतं. चहा झाला, काकानं टपरीवाल्याला रॅकचे गुण ऐकवले आणि मग गाडी थेट पाड्यावर जाऊन थांबली.

रूपेश आणि माघ्या आजा अंगणात वाटच बघत होते. आरतीचं ताट तयार होतं. रूपेश शिडीवरून वर चढला आणि तिथंच थबकला.

"टपावर काय नाय," तो म्हणाला.

कॅरियर रिकामं होतं. ना जाळी, ना गोधडी, ना रावण. आजा ओट्यावर खाली बसला.

काकाला मात्र उत्तर सापडायला क्षणही लागला नाही. अशा माणसांना तो कधीच लागत नाही. तेवढ्यात मंगळूची जीप पाहुणे घेऊन तिथंच येऊन थांबली. काकानं तिच्याकडे बोट दाखवलं. "चोर हा! चहाच्या टपरीवर टपावर चढला होता, मी या डोळ्यांनी पाहिलं!"

"माझेच टपावर चढलो होतो, शेठ," मंगळू म्हणाला.

"ते पोलिसांना सांग," असं म्हणून काका मोबाइल वर धरून रेंज शोधत टेकडीकडे चालता झाला. त्याचा रुबाब पाहून दोन पाहुणे मंगळूपासून जरा लांबही सरकले. दीप्तीला त्या पाहुण्यांचाही मनस्वी राग आला.

"मंगळूदादानं नाही घेतला," ती म्हणाली. "पोशी, तो ठक्क आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

पोशीनं डोळे मिटले. "ओहोळात उतरताना. चढून गेल्यावर नाय."

"टपरीच्या अलीकडे एवढा मोठा खड्डा होता," ऋषिकेश म्हणाला. "माझं डोकं आपटलं, पण वर काही वाजलं नाही."

"म्हणजे टपरीवर पोचलो तेव्हा टप रिकामाच होता. मग मंगळूदादा काय चोरणार?" दीप्ती म्हणाली. "रावण त्या उंबरालाच अडकून पडला असणार."

"पण काका रविवारी त्याच वाटेनं गेला होता ना? तेव्हा कुठं काय अडकलं?" ऋषिकेशनं विचारलं.

पोशीनं एकदम डोळे उघडले. "रविवारी गाडीचे डोक्यावर हे कॅरियर होतं काय?"

कॅरियर आजच बसवलं होतं. गाडी सकाळपासून हातभर उंच झाली होती, वर गोधडीतला रावण वेगळाच, आणि उंबराची फांदी होती तिथंच होती. फांदीनं रावणाला मागे ढकललं, आणि मागे त्याला अडवायला कठडाच नव्हता. शिडी झाकली जाते ना!

"आमी टपावर बसतो तेव्हा त्या वाटेला जातच नाय," पोशी म्हणाली. "डोकी वर असतात ना."

टपावर माणसं बसतात त्या गाडीचा ड्रायव्हर त्यांची डोकी धरून गाडीची उंची मोजतो. काकानं फक्त स्वतःचं डोकं मोजलं होतं, आणि तेही नको तितकं मोठं!

"मंगळूदादा, येतोस?" दीप्तीनं विचारलं.

"चोर म्हणालाय मला तो. येतो तर," म्हणत मंगळूनं किल्ली फिरवली. रूपेशही जीपमध्ये चढला. वाटेत, मुखवटा ओहोळातल्या दगडांवर पडला असेल तर, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता.

उंबराखाली एक म्हातारी लाकडाची मोळी उतरवून बसली होती. पाड्यावरची गौराबाई. गाडी बघताच तिनं बोट वर केलं.

फांदीत काळी जाळी अडकली होती आणि जाळीत रावण लटकत होता. गोधडी एका बाजूनं सुटली होती. तिच्यातून दोन ताजी रंगवलेली तोंडं मिशा फेंदारून खाली बघत होती. जमिनीला तो लागलाच नव्हता.

"कवाची बसलीय मी," गौराबाई कुरकुरली. "याला एकटा टाकून जायचा कसा? गाडीवाल्याला किती हाका मारल्या. आत नुसता ढिंगचिक ढिंगचिक."

मंगळूनं जीप हळूहळू मागे घेत बरोबर फांदीखाली लावली. रूपेश आणि पोशी टपावर चढले. रूपेशनं मुखवटा दोन्ही हातांनी पेलला आणि पोशीनं जाळीचे आकडे एकेक करून सोडवले. कडेच्या एका तोंडाच्या कानाचा रंग तेवढा खरवडला होता. बाकी सगळा रावण धड होता. रूपेशनं तो छातीशी धरला. मग त्यांनी तो मंगळूच्या टपावर तांदळाच्या पोत्यांच्या मऊ थरावर ठेवला आणि काथ्याच्या दोरानं पक्का बांधला. गौराबाईला पुढच्या सीटवर बसवलं, तिच्या मोळीसकट. सगळे लांबच्या डांबरी रस्त्यानं, सावकाश परत आले.

पाड्यावर पोचले तेव्हा काका टेकडीवरून खाली उतरत होता. त्याला रेंज मिळाली नव्हती.

"सापडला ना? मी म्हटलंच होतं—"

"तू चोर म्हटलं होतंस," ऋषिकेश म्हणाला.

दीप्तीनं सगळ्यांसमोर आवाज, फांदी आणि खोक्यात राहिलेली पट्टी, सगळं सांगितलं. काका आधी हसला, मग खोकला, मग बुटाकडे बघू लागला. शेवटी माघ्या आजानं नुसतं मंगळूकडे बोट केलं. काका मंगळूसमोर गेला आणि "चुकलं" असं इतकं हळू पुटपुटला की मंगळूनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. लांब सरकलेले पाहुणेही आता जवळ आले.

आजानं तिन्ही पोरांना आपल्याजवळ ओट्यावर बसवलं. गावातली मोठी माणसं तिथं बसतात. "या पोरांनी आमचे घरचा सोंग राखला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शिकलेली पोरं अशी असावी. डोळे उघडे, कान उघडे."

दिवस कलला, संबळ वाजू लागला. रूपेशनं मुखवटा चढवला, पहिलं पाऊल टाकलं आणि ते बरोबर ठेक्यावर पडलं. आजाचे गुडघे बसल्या जागी ताल धरू लागले. पोशी हसत होती आणि रडतही होती.

अंगणात दाटी झाली, तशी पाड्यावरची चिल्लीपिल्ली काकाच्या शिडीवरून भराभर चढली आणि कॅरियरवर ओळीनं बसून रावण बघू लागली.

"अरे, उतरा, रंग जाईल!" काका ओरडला.

"बसू दे," माघ्या आजा नाचावरची नजर न काढता म्हणाला. "ती धरून बसलीत. तुझे भरवशावर नाय."