पियानोवाल्याच्या माथी

"मेजर, त्याच्या शवपेटीवर झेंडा का नाही?" कॅप्टन व्हिएझ्बाने दारातूनच विचारलं.

युद्धाचं साल होतं १९४१, आणि इंग्लंडमधला हा तळ पोलिश वैमानिकांचा. आदल्या दिवशी सरावाचं विमान उतरताना कोसळलं होतं. शिकाऊ वैमानिक सेवेरिन हालित्स्की जागीच गेला, शिकवणारा मेजर ओत्रेम्बा वाचला. तळावरची रुग्णगाडी चालवणारी होनोराता, सेवेरिनची बायको, खिडकीशी उभी होती. नवरा परत येणार नव्हता. निदान त्याच्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

"स्वतःच्या मूर्खपणाने विमान फोडणाऱ्याला झेंडा नसतो," मेजर म्हणाला. "पियानोवाल्याने पियानोच बडवत बसायचं."

चौकशीला आलेल्या व्हिएझ्बाच्या डोक्यात तिडीक गेली.

"काय चुकलं त्याचं?"

"आपले लोक करतात तेच. तळाच्या कुंपणावरून येताना इंजिनाला जोर हवा होता. दांडा पुढे ढकलायचा, तर याने मागे ओढला."

ही चूक तळावर सगळ्यांच्या ओळखीची होती. मायदेशीच्या विमानांत वेग वाढवायला दांडा मागे ओढायचा, इंग्लिश विमानांत पुढे ढकलायचा. गडबडीत हात जुन्या वळणावर जायचा. म्हणून कुणी शंकाच घेतली नव्हती.

"दांडा तुमच्यापुढेही होता?"

"होता. दोन्ही एकमेकांना जोडलेले. मी सावरेपर्यंत उशीर झाला."

"बाई, तुम्ही रुग्णगाडी घेऊन धावपट्टीशी होतात. काय ऐकलंत?"

"इंजिनाचा आवाज एकदम बसला," होनोराता म्हणाली.

"सेवेरिन याआधी कुठे उडाला होता, मेजर?"

"कुठला उडतोय? वॉर्सात मैफली करायचा. पहिल्या धड्यापासून इथेच शिकला, माझ्या हाताखाली."

"आणि तुम्ही?"

"मी? माझी उमर गेली आपल्या विमानां..."

"बोला की," व्हिएझ्बाचा आवाज चढला. "ज्याने आपल्या विमानाला कधी हात लावला नाही, त्याच्या हाताला ती सवय लागली कुठून? विमान खाली येतंय बघून ताबा तुम्ही घेतलात. दांडाही तुम्हीच ओढलात. चूक कुणाच्याही हातून होते. ती मेलेल्याच्या गळ्यात मारणं हा हलकटपणा आहे."

मेजरने मान खाली घातली. "लढाई संपल्यावर सांगणार होतो."

होनोराता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सकाळी तुमच्या हाताची पट्टी मी बदलली. माझ्या नवऱ्यापायी तुम्हाला लागलं, म्हणून रडून माफी मागितली. आणि तुम्ही मला माफ केलंत."